आधी 'कुठली तू?'

सकाळी 8.30
न्यूझीलंडमधलं दक्षिण ऑकलंड. आमच्या कार्यालयाचा दिवस काराकियाने, म्हणजे माओरी प्रार्थनेने सुरू होतो. जुगारात अडकलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना हात देणं हे आमचं काम. मी समुपदेशक. आमच्यातल्या वडीलधाऱ्या बाईंना आम्ही फाएआ म्हणतो; आई, मावशी, सगळं त्यात आलं. माओरी कुटुंबाशी पहिला शब्द त्या बोलतात.

10.00
पहिल्यांदाच आलेली बाई दाराशी घुटमळते. याआधी दोनदा वेळ ठरवून ती आली नव्हती. माओरीत या लाजेला 'फाकामा' म्हणतात. ती माणसाला आपल्याच माणसांपासून तोडते. फाएआ चहा पुढे करतात आणि विचारतात, "नो हेआ कोए?" कुठली तू? बाई हळूहळू आपला डोंगर सांगते, नदी सांगते, पूर्वज ज्या होडीतून आले तिचं नाव सांगते. फाएआंची आजी त्याच नदीकाठची निघते. मग मी सांगते, मी कृष्णाकाठच्या वाईची. माओरीत 'वाई' म्हणजे पाणी. बाई पहिल्यांदाच मान वर करते.

नोकरीच्या सुरुवातीला माणूस आल्याआल्या मी नऊ प्रश्नांची छापील यादी पुढे ठेवायची. गेल्या बारा महिन्यांत झेपेल त्याहून जास्त पैसे लावलेत का? उत्तरं मिळायची, पण माणूस पुन्हा यायचा नाही. यादी लागतेच, पण फाएआंचा प्रश्न झाल्यावर.

11.00
मी कागदावर घर काढते. डॉ. मेसन ड्युरी यांनी 1984 मध्ये मांडलेलं हे चार भिंतींचं घर: शरीर, मन, आत्मा, कुटुंब. एक भिंत खचली की सगळं घर कलतं. "तुझी कुठली आधी हलली?" बाई कुटुंबाच्या भिंतीवर बोट ठेवते. आई गेल्यावर संध्याकाळ खायला उठायची. पबमधल्या पोकींपाशी, म्हणजे जुगाराच्या यंत्रांपाशी, ऊब होती आणि कुणी काही विचारत नव्हतं. एका डावाला जास्तीत जास्त अडीच डॉलर; पण डाव काही सेकंदांत संपतो.

दुपारी 1.30
महिनाभर येत असलेले एक गृहस्थ, त्यांची बहीण आणि मी एका पबमध्ये जातो. 2003 च्या जुगार कायद्याप्रमाणे माणूस स्वतःवरच बंदी मागू शकतो. मग दोन वर्षांपर्यंत त्या पबच्या यंत्रांच्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. सही करताना बहीण त्यांच्या खांद्यावर हात ठेवते.

बाहेर त्याच रस्त्यावर आणखी एक पब आहे. गरीब वस्त्यांत ही यंत्रं दाट आहेत. म्हणून एक जागा बंद पडली की तिच्या बदल्यात नवी परवानगी नाही, हे अनेक नगरपालिकांचं धोरण मला समुपदेशनाइतकंच मोलाचं वाटतं.

4.00
नोंदी आणि फोन. आमच्या कामाचा खर्च जुगार उद्योगावर बसवलेल्या अधिभारातून निघतो. तो पैसा या घरांतूनच गेलेला असतो, म्हणून प्रत्येक तासाचा हिशोब मी चोख ठेवते.

संध्याकाळी 6.00
माराएवर, म्हणजे माओरी समाजाच्या आवारात बैठक. मुलांच्या सहलीला पैसे हवेत. कुणीतरी हाउसी, म्हणजे पैसे लावून आकड्यांचा खेळ, सुचवतं. इथे वर्षानुवर्षं निधी त्यावरच उभा राहिलाय. फाएआ कुणाला दोष देत नाहीत. एवढंच म्हणतात, "लेकरांची सहल कुणाच्या आईच्या घरभाड्यावर निघायला नको." थोडा वेळ सगळे गप्प. मग ठरतं: हांगीचं जेवण विकायचं. जमिनीत खड्डा, तापलेले दगड, मांस, बटाटे, भोपळा, कुमारा, म्हणजे रताळी. लगेच कामांची वाटणी होते. खड्डा खणायला सकाळच्या प्रहरीच माणसं लागणार. पाच हात वर होतात.

रात्री 8.30
सकाळच्या बाईचा निरोप येतो: "गुरुवारी बहिणीला आणि मुलाला आणलं तर चालेल?"

मी वहीत लिहिते: गुरुवार, दोन खुर्च्या जास्त.