‘आरण्यक’: बदललेलें मन आणि न बदललेले हात

निसर्गाच्या सहवासांत माणूस बदलतो, हा विषय कादंबरीला नवा नाहीं. तथापि विभूतिभूषण बंदोपाध्याय (१८९४–१९५०) यांची १९३९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालेली ‘आरण्यक’ ही बंगाली कादंबरी त्याहून अवघड प्रश्न विचारते. मन बदललें, पण हात पूर्वींचेंच काम करीत राहिले, तर त्या बदलाची किंमत काय?

कथानक थोडक्यांत असें. सत्यचरण हा कलकत्त्याचा सुशिक्षित बेकार तरुण बिहारांतील एका जंगली जमीनदारीवर मॅनेजर म्हणून जातो. आरंभीं तेथील एकांत त्याला खायला उठतो. पुढें तेंच अरण्य त्याला प्राणाहून प्रिय होतें. परंतु त्याची नोकरी आहे ती जंगल तोडवून तेथें कुळें बसविण्याची! लेखकानें स्वतः भागलपूरच्या बाजूस अशी नोकरी केली होती. म्हणून तपशील उसने वाटत नाहींत.

हा विरोध लेखक उपदेशानें सांगत नाहीं, रचनेंतून दाखवितो. पहिलें साधन स्मृतिकथनाचें. सारी हकीकत सत्यचरण अनेक वर्षांनंतर, कलकत्त्याच्या किल्ल्याजवळील मैदानांत बसून आठवतो. अरण्य आपल्याच हातून नष्ट झालें, हें तो प्रारंभींच सांगून टाकतो. त्यामुळें पुढें चांदण्या रात्रीचें वर्णन आलें कीं वाचक नुसता सुखावत नाहीं. जें आपण पाहत आहों तें आतां उरलेलें नाहीं, ही जाणीव त्याला बोचत राहते. वर्णनाला करुणरसाची जोड मिळते ती अशी.

दुसरें साधन प्रतिपात्राचें. युगलप्रसाद नांवाचा एक साधा माणूस दूरदूरचीं फुलझाडें व वेली आणून सरस्वती कुंडीच्या कांठच्या रानांत लावीत असतो. ना जमीन त्याची, ना लाभ त्याचा. सत्यचरण त्याला मनापासून साहाय्य करतो, आणि त्याच हातानें जमिनीचे पट्टेही करून देतो. दोघांना शेजारीं उभें केल्यावर टीकेचा एक शब्दही लागत नाहीं.

तिसरें साधन दैवतकथेचें. टांडबारो हा रानम्हशींचा देव. शिकाऱ्यांनीं खणलेल्या खड्ड्याकडे कळप धांवला कीं तो हात उभारून त्याला अडवितो, अशी तेथील लोकांची श्रद्धा. अरण्याला माणसासारखें बोलावयास न लावतां लेखक या श्रद्धेच्या द्वारें त्याचा प्रतिकार मूर्त करतो. मात्र पट्ट्याच्या कागदापुढें असा हात कोणी उभारीत नाहीं.

तोडलेल्या रानांत भुकेल्या माणसांना पीक मिळतें, हेंही लेखक झांकीत नाहीं. म्हणून निवाडा सोपा राहत नाहीं. अखेरीस सत्यचरण वनदेवतांची क्षमा मागतो, पण ती काम पुरें झाल्यावर. यास्तव या कादंबरींतील निसर्गवर्णनें तेवढीं निवडून वाचूं नयेत. त्या सौंदर्याची किंमत कोणी दिली, याचा हिशेब तींत शेजारींच मांडलेला आहे. आणि पगारावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांनीं तर तो अवश्य वाचावा.