आधी चहा, मग गाडी

पहाटे 5.30. सिंधुदुर्गातल्या पणदूरचा संविता आश्रम. संदीप परब यांची जीवन आनंद संस्था तो चालवते. स्टेशनात, एसटी स्टँडवर, बंदरावर दिवस काढणारी माणसं इथे आणतात. कार्यकर्ता पस्तिशीतला. अंथरुणाला खिळलेल्या दोघांचे कपडे बदलून झालेत. मोठ्यांचा एक डायपर तीस-चाळीस रुपयांना पडतो, म्हणून दिवसा जुन्या सुती साडीच्या घड्या. पिशवीत कात्री, ट्रिमर, हातमोजे, धुतलेली पँट, पाच रुपयांचे बिस्किटपुडे.

7.40. कसालवरून मालवण बंदर. जाळ्यांच्या ढिगाला टेकून एक म्हातारा बसलाय. किल्ल्यावर जाणारे पर्यटक थोड्या वेळात येतील, त्याआधी याला हलवा, असा फोन होता. टपरीवाली मावशी म्हणते, "कोणाक त्रास नाय ओ तेचो. राती पाव दिलंय." कार्यकर्ता जमिनीवरच बसतो. दोन चहा, वीस रुपये. पाऊण तास नुसतं बसणं.

म्हाताऱ्याचा हात गाठोड्यावर. प्लॅस्टिकचा कागद, वर नायलॉनची दोरी. फूटपाथ मोकळे करताना आधी हीच गाठोडी कचऱ्याच्या गाडीत जातात, आणि माणसाच्या ओळखीचा एकुलता एक कागद कित्येकदा त्यातच असतो. मुंबईच्या फूटपाथवरच्या माणसांसाठी ओल्गा टेलिस खटला लढला गेला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सांगितलं. शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा हवा, हेही पुढे ठरलं. सिंधुदुर्गात लाखाचं एकही शहर नाही. मग इथल्या माणसाने कुठल्या निवाऱ्यात जायचं?

"पोटली आपके पास ही रहेगी, चाचा." तिसऱ्यांदा सांगितल्यावर म्हातारा उठतो.

9.15. पोलीस ठाण्यात नोंद, फोटो. मग ग्रामीण रुग्णालय. घोट्यावर जखम, त्यात अळ्या. टर्पेंटाइनचा बोळा, चिमटा. एकेक अळी काढायची. म्हातारा कण्हत नाही, गाठोडं घट्ट धरतो.

12.10. आश्रमात कढत पाणी तयार. केसांचा पार गोळा झालाय. ट्रिमर घातला तर अडकेल. आधी वाटीभर खोबरेल, दहा मिनिटं थांबायचं, मग कात्री. एक बट, मग दुसरी. कानामागे कातडी सोललीय, तिथे हात हळू. दाढीला नवं ब्लेड, दुसऱ्या कोणाचं वापरायचं नाही. साबण तीनदा. काळं पाणी मोरीतून जातं, चौथ्या तांब्याला नितळ येतं. जखमेच्या पायाला प्लॅस्टिक बांधलंय, तो बादलीबाहेर. गाठोडं म्हाताऱ्याला दिसेल असं समोरच्या कट्ट्यावर. सव्वा तास गेला. कार्यकर्त्याची कंबर धरलीय.

1.45. भात, डाळ, भोपळ्याची भाजी. म्हातारा दोनदा भात घेतो.

3.30. दोन शब्द बोलला, तेलुगू वाटले. मालवणच्या एका खलाशाला फोन लावून कानाला दिला. पलीकडून प्रश्न, इकडून हळूहळू उत्तरं. गावाचं नाव निघालं. बोटीवर होता, ताप आला, बोट गेली. उचल घेतलेली, ती फिटलेली नाही. घरी काय सांगणार, म्हणून गेलाच नाही. बरं होईपर्यंत इथे राहा, जायचं तेव्हा तिकीट काढू, असं खलाशीच त्याला समजावतो. म्हातारा मान हलवतो. म्हणजे होकार, असं आज धरायचं. उद्या पुन्हा विचारायचं.

6.50. वहीत हिशेब. डिझेल, चहा वीस, ब्लेड, गॉज, गोळ्या. आंब्याच्या हंगामात बागायतदार याहून बरा रोज देतात. बायको तेवढं आठवण करून देते, तो म्हणतो.

7.20. कणकवली स्टेशनातून फोन. फलाटावर एक बाई, दोन पिशव्या, बोलत नाही. "रात्री तिला उठवू नका," तो सांगतो, "सकाळी येतो." सोबत बाईमाणूस हवं, म्हणून तो स्वयंपाकघरात विचारायला जातो.