अर्धवट बाथरूम आणि गायब गुत्तेदार

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र घरचाच आहे, अगदी शब्दशः.

लातूरला आमचं जुनं घर आहे. संडास अंगणाच्या टोकाला. आजीचे गुडघे गेलेले, म्हणून बाबांनी तिच्या खोलीला लागून संडास-बाथरूम बांधायचं आणि त्यातच स्वयंपाकघराची फरशी बदलायची ठरवलं. ओळखीतलाच गुत्तेदार. मटेरियलसहित २ लाख ६० हजारांत बोलणी झाली. कागद? "आपल्याच माणसाला काय कागद मागायचा!" इति बाबा. आधी उचल, मग लोखंडाला, मग सिमेंटला, असे २ लाख गेले. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला आणि गुत्तेदाराचा फोन लागेनासा झाला. अख्खा पावसाळा आजी रात्री काठी अन् टॉर्च घेऊन अंगणातच जात राहिली.

दिवाळीला मी नांदेडहून घरी गेले तर आई म्हणाली, "सिव्हिलला आहेस ना, मग बघ की काहीतरी!" बाबा चिडून दुसरा मिस्त्री लावायला निघालेच होते. त्यांना आधी थांबवलं. एकदा नवा गिलावा चढला की कुणी किती काम केलं, हे सिद्ध कसं करणार? म्हणून पहिलं काम म्हणजे तारखेसकट फोटो आणि टेप घेऊन मोजमाप. एस्टिमेटिंगचा पेपर मला जड गेला होता, पण इथे तोच कामी आला. झालेलं काम जेमतेम १ लाख ३५ हजारांचं निघालं. म्हणजे ६५ हजार जास्तीचे गेलेले. माझ्या आकड्यांना कोण विचारतो, म्हणून एका इंजिनिअरकडून सही-शिक्क्याचा रिपोर्ट घेतला. पैशांपैकी १ लाख ४० हजार फोनवरून दिलेले, त्याची नोंद बँकेत होतीच. रोख ६० हजारांचं काय? आईने जुने मेसेज चाळले, त्यात त्याचाच सापडला, "साठ मिळाले".

पोलिसांकडे गेलं तर बहुतेकदा "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकायला मिळतं. महारेराही इथे उपयोगाचं नाही, ते विकायच्या प्रकल्पांसाठी आहे, घरच्या दुरुस्तीसाठी नाही. आपला रस्ता म्हणजे ग्राहक आयोग. घर बांधून देणं ही 'सेवा' आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलंय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत २ वर्षांची. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही जाते, १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. निकाल ३ महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, पण तारखा पडतात हेही खरं.

म्हणून आधी नोटीस. काय ठरलं, किती दिले, किती झालं, १५ दिवसांत काम सुरू करा नाहीतर आयोगात जाऊ, एवढंच साध्या भाषेत. शिव्या नकोत! स्पीड पोस्टाने पाठवली, पोचपावती जपून ठेवली.

बाराव्या दिवशी स्वारी हजर. "ताई, तुम्ही तर एकदम कोर्टातच नेलं की!"

तडजोड झाली. फरशीचं काम आम्ही सोडून दिलं, बाथरूम त्याने पुरं करायचं. या वेळी ५०० च्या बाँडवर लिहून घेतलं. उरलेले ६० हजार मात्र किल्लारीच्या पद्धतीने. १९९३ च्या भूकंपानंतर दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या योजनेत घरमालकाला मदत हप्त्याहप्त्याने मिळायची, काम त्या टप्प्यापर्यंत आलंय हे इंजिनिअरने पाहिल्यावरच पुढचा हप्ता. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट, पण बाबांना ती आधी सुचली नाही. (मलाही नाही, आजीने आठवण करून दिली.) आमचे टप्पे तीन, गिलावा आणि पाइप, टाइल्स, मग दार अन् नळ. प्रत्येकी २० हजार.

टाइल्स झाल्या. दार अजून बसायचंय, तोवर आजीने पडदा लावून बाथरूम वापरायला घेतलंय. शेवटचे २० हजार बाबांच्या खात्यातच आहेत आणि गुत्तेदाराचा फोन हल्ली पहिल्या रिंगला लागतो.