काळ्या दगडाचे उसने नाव

भोपाळमध्ये नवे घर बांधणाऱ्यापुढे दुकानदार दोन घोटीव लाद्या ठेवतो. एक करडी-तांबूस, ठिपक्यांची, दुसरी काळीभोर. नाव मात्र दोहोंचे एकच, ग्रॅनाइट. आमच्या पणजी-मडगावातही हाच प्रकार रूढ आहे आणि कोणास त्यात वावगे वाटत नाही. वास्तविक ती काळी लादी ग्रॅनाइट नव्हेच. ती बहुधा गॅब्रोची, नाहीतर त्याचाच बारीक कणांचा भाऊबंद असलेल्या डोलेराइटची असते.

ग्रॅनाइट आणि गॅब्रो हे दोन्ही अग्निजन्य खडक. भूगर्भात खोलवर शिलारस सावकाश निवाला, स्फटिकांस वाढण्यास अवसर मिळाला, म्हणून दोहोंचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतके भरड. साम्य येथेच संपते. ग्रॅनाइटमध्ये सिलिका शेकडा ७० च्या आसपास. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, त्यात भरपूर, जोडीला फेल्स्पार व थोडे अभ्रक. गॅब्रोमध्ये सिलिका शेकडा ५० च्या आसपास आणि क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. लोह-मॅग्नेशियमयुक्त पायरोक्सीनमुळे तो काळसर व जड होतो. एक घनमीटर ग्रॅनाइट सुमारे २,६५० किलो भरतो, गॅब्रो ३,००० किलोच्या घरात जातो. हा फरक हमालाच्या खांद्यास कळतो, गिऱ्हाइकास नाही.

भोपाळचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. तेथील टेकड्यांवर हे दोन्ही खडक दिसत नाहीत. श्यामला टेकडीवर आहे तो विंध्य वालुकाश्म. मानव संग्रहालयाच्या आवारातील चित्रित शैलाश्रय त्याचेच, आणि जवळच्या भोजपूरचे अपुरे राहिलेले शिवमंदिरही वालुकाश्माचेच. माळव्याच्या बाजूस पसरला आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. पण वालुकाश्मातील बहुतेक कण क्वार्ट्झचे, कुठल्या तरी प्राचीन ग्रॅनाइटी डोंगरांच्या झिजेतून आलेले. आणि बेसाल्ट घडणीने गॅब्रोच. तोच शिलारस पृष्ठावर येऊन झटपट निवाला, एवढेच. दुकानात एका नावाने खपणाऱ्या या खडकांच्या गोतावळ्यातून दोन निराळ्या जमिनी झाल्या: वालुकाश्मावर पातळ, रेताड माती, बेसाल्टवर सिहोरचा शरबती गहू पिकवणारी काळी. तेथील शेतकऱ्यास हा भेद कोणी शिकवावा लागत नाही.

गोव्यातही बोंडल्याच्या परिसरात गॅब्रो व त्याचे सगोत्र खडक आहेत, तर पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर ग्रॅनाइटी खडक. डोंगर फोडून दगड बाजारात येतो तेव्हा त्याचे नाव जाते आणि गावही जाते. कोणता डोंगर आपल्या ओट्याखाली आला, हे विचारण्याची सोयच उरत नाही. दगड कायदेशीर खाणीतला की चोरटा, हा प्रश्नही त्या एका मोघम नावाआड दडतो.

आमची सूचना साधी आहे. लादीच्या पावतीवर खडकाचे खरे नाव व खाणीचे गाव छापावे, आणि आरंभ सरकारी बांधकामांच्या निविदांपासून करावा. गॅब्रो म्हटले तर गिऱ्हाईक बिचकेल, असे व्यापारी सांगतील. व्हिट्रिफाइड हे नाव ज्या गिऱ्हाइकाने पचवले, तो एवढ्याने बिचकेल असे आम्हांस वाटत नाही.