मीटरभर लांब मतपत्रिका

टोरांटो-सेंट पॉल्सच्या पोटनिवडणुकीचे मतदान २४ जून २०२४ रोजी रात्री साडेआठला संपले आणि निकाल लागला दुसऱ्या दिवशी पहाटे, चारच्या पुढे. कॅनडातल्या लोकांना याची सवय नाही. एका रायडिंगची (मतदारसंघाला तिथे रायडिंग म्हणतात) मोजणी निजानीज होण्याआधी उरकते, असा त्यांचा अनुभव. या वेळी मतपत्रिकेवर ८४ नावे होती आणि ती जवळजवळ मीटरभर लांब होती. मतदाराने पेन्सिलीने नावापुढच्या वर्तुळात खूण करायची, कागदाची घडी घालत घालत पेटीत टाकायची, आणि रात्री कर्मचाऱ्यांनी ती घडी पुन्हा उलगडून हाताने मोजायची.

हा भाग टोरांटोच्या मध्यावर येतो. एकीकडे फॉरेस्ट हिलमधले गडगंज बंगले, दुसरीकडे भाडेकरूंचे उंच टॉवर. पश्चिमेला एग्लिंटन रस्त्यावर कॅरेबियन दुकानांची ‘लिटल जमैका’. त्याच रस्त्यावर तेव्हा २०११ पासून रखडत चाललेले रेल्वेचे खोदकाम. त्या खोदकामापायी दुकानदारांचा धंदा बसला. ज्यू वस्तीही इथे मोठी, त्यामुळे गाझाच्या युद्धाचे पडसाद प्रचारात उमटले. तरी लिबरल पक्षाला चिंता नसावी. १९९३ पासून ही जागा त्यांचीच होती. २०११ मध्ये देशभरात अवघे ३४ खासदार उरले, तेव्हाही सेंट पॉल्स हलले नव्हते. १९९७ पासून इथे निवडून येणाऱ्या कॅरोलिन बेनेट यांनी राजीनामा दिला, म्हणून ही पोटनिवडणूक. २०२१ मध्ये त्या चोवीसेक टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या होत्या.

मग ८४ उमेदवार आले कुठून? बहुतेक जण ‘लाँगेस्ट बॅलट कमिटी’ या गटाने उभे केलेले अपक्ष. ज्याला सर्वाधिक मते तो खासदार, मग ती पस्तीस टक्के का असेनात, ही पद्धत त्यांना मान्य नाही. लिबरल नेते जस्टिन ट्रूडो यांनी २०१५ मध्ये, पंतप्रधान होताना, ही पद्धत बदलण्याचे वचन दिले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्या सरकारने ते गुंडाळून ठेवले. निवडणुकीचे नियम निवडून आलेल्यांनी ठरवू नयेत, सामान्य नागरिकांच्या सभेने ठरवावेत, अशी या गटाची मागणी आहे. निषेधासाठी त्यांनी वापरला तोही कायदाच. कॅनडात उमेदवारीला मतदारसंघातल्या शंभर मतदारांच्या सह्या लागतात. पूर्वी हजार डॉलर अनामतही भरावी लागे. २०१७ मध्ये अल्बर्टातल्या न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. निवडणूक लढवायला खिशात पैसे असायलाच हवेत असे नाही, हा त्यामागचा विचार. उमेदवार त्या रायडिंगमध्ये राहणारा असावा, अशीही अट नाही. त्यामुळेच या ८४ जणांपैकी एकाला शून्य मते पडली. तो दुसऱ्या शहरात राहत होता, म्हणजे स्वतःचे मतही त्याला देता आले नाही!

आपण याच दुखण्यावर उलटे औषध दिले. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले, मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली. त्यानंतर लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजारांवर गेली. आता ती पंचवीस हजार आहे. त्यामुळे गर्दी हटते खरी. पण फाटक्या खिशाचा खरा उमेदवारही तिच्याबरोबर हटतो, म्हणून मला कॅनडाचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. फक्त त्याचा भुर्दंड पडला तो रात्रभर घड्या उलगडत बसलेल्या मोजणी कर्मचाऱ्यांना आणि चष्मा सावरत नाव शोधणाऱ्या म्हाताऱ्या मतदारांना. वचन मोडणारे सुखाने झोपले असतील.

निदान पहाटेपर्यंत. लिबरल उमेदवार लेस्ली चर्च बहुतेक रात्र पुढे होत्या. आगाऊ मतदानाच्या पेट्या शेवटी मोजल्या गेल्या आणि कॉन्झर्व्हेटिव्ह डॉन स्ट्युअर्ट सुमारे ६०० मतांनी जिंकले. त्यांना ४२ टक्के, चर्च यांना साडेचाळीसच्या आसपास. २०११ नंतर टोरांटो शहरात हा पक्ष प्रथमच जिंकला. गंमत अशी, की ट्रूडो यांना स्वतःला पसंतीक्रमाची पद्धत आवडत होती. ती त्यांनी आणली असती, तर डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांची दुसरी पसंती बहुधा चर्च यांच्याकडे वळली असती आणि जागा वाचली असती. जी पद्धत बदलली नाही, तिनेच बालेकिल्ला घेतला.

‘सेंट पॉल्ससुद्धा जाते, तर सुरक्षित जागा कोणती?’ हा प्रश्न पक्षात घुमत राहिला. ट्रूडो यांनी ६ जानेवारी २०२५ रोजी पायउतार होण्याची घोषणा केली. त्यांच्या जागी मार्क कार्नी आले आणि एप्रिलच्या सार्वत्रिक निवडणुकीत चर्च यांनी हीच जागा परत मिळवली.

पद्धत मात्र तीच राहिली, आणि उमेदवारांची यादीही वाढतच गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये अल्बर्टातल्या बॅटल रिव्हर-क्रोफुटच्या पोटनिवडणुकीत २१४ उमेदवार होते. एवढी नावे छापण्याचा नादच निवडणूक आयोगाने सोडला आणि मतदारांच्या हाती कोरी जागा असलेली मतपत्रिका दिली. उमेदवाराचे नाव स्वतः लिहायचे. स्पेलिंग चुकले, तरी कोणाला मत द्यायचे आहे ते स्पष्ट असल्यास मत वैध.