पेशींच्या घरातले पोटभाडेकरू

दूध नासले हे कळायला तुम्हांला प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीत वाढविलेल्या प्राण्यांच्या पेशींचेही बहुधा तसेच असते. या पेशी ज्या पोषकद्रवात वाढतात, त्यात फिनॉल रेड नावाचा दर्शक घातलेला असतो, म्हणून तो लालसर दिसतो. बाहेरचे जीवाणू शिरले की एकदोन दिवसांत द्रव गढूळ होतो व आम्ल तयार झाल्यामुळे पिवळा पडतो. बुरशीचे तर पुंजकेच तरंगू लागतात. बाटली निर्जंतुक करून फेकून दिली की झाले!

पण द्रव स्वच्छ आहे, पेशीही वाढताहेत, आणि तरी बाटलीत कोट्यवधी उपरे नांदत आहेत, असे होईल काय? होते. १९५६ साली अमेरिकन संशोधकांना मानवी पेशींच्या संवर्धनात असे जंतू आढळले. त्यांचे नाव मायकोप्लाझ्मा. इतर जीवाणूंना असते तशी भित्तिका त्यांना नसते. पेनिसिलीन भित्तिकेच्या बांधणीवरच घाव घालते. जिथे भिंतच नाही तिथे ते काय करणार? शिवाय हे जंतू इतके लहान व लवचिक, की जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतूनही निसटतात.

ते पेशींचे अन्न पळवितात. काही जाती आर्जिनीन हे अमिनो आम्ल फस्त करतात. आता कल्पना करा, तुम्ही पेशींना एक औषध दिले आणि त्यांची वाढ थांबली. औषधाचा गुण म्हणायचा, की उपासमार? या एका शंकेने कित्येक महिन्यांचे काम पाण्यात जाऊ शकते.

मग ओळखायचे कसे? जुनी रीत म्हणजे त्यांना अगारवर वाढवायचे. तव्यावर फोडलेल्या अंड्यासारख्या त्यांच्या वसाहती सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पण यासाठी चार आठवडे थांबावे लागते, आणि काही वाण अगारवर वाढतच नाहीत. दुसरी रीत मोठी देखणी आहे. डीएनएला चिकटणारा होक्स्ट हा रंग पेशींना द्यायचा आणि त्यांवर अतिनील किरण टाकायचे. निरोगी पेशीत फक्त केंद्रक निळे चमकते. ग्रासलेल्या पेशीत केंद्रकाभोवती चांदण्यांसारखे ठिपके उमटतात. आज पीसीआर तंत्राने मायकोप्लाझ्माच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून काही तासांतच निकाल मिळतो.

हे जंतू येतात कोठून? गायीच्या रक्तद्रवातून, दुसऱ्या दूषित बाटलीतून आणि माणसाच्या तोंडातूनही! म्हणूनच संवर्धनाच्या खोलीत गप्पांना मनाई असते, आणि नवी आलेली बाटली तपासणीचा निकाल लागेपर्यंत वेगळी ठेवतात.