भाईंदर ते दादर : १७० नवे लेख

भाईंदरहून धीम्या लोकलने दादर गाठायला साधारण तास लागतो. तेवढ्या वेळात पबमेड या वैद्यकीय लेखांच्या जागतिक सूचीत सुमारे १७० नव्या नोंदी पडतात. वर्षाला १५ लाखांहून अधिक, म्हणजे दिवसाला चार हजारांवर. एका शीर्षकाला दहा सेकंद दिले, तरी एका दिवसाची शीर्षकं वाचण्यातच साडेअकरा तास जातील. मीरा-भाईंदरमधून रोज परळच्या किंवा मुंबई सेंट्रलच्या मेडिकल कॉलेजला जाणाऱ्या विद्यार्थ्याने ‘मी काय काय वाचू?’ म्हणून घाबरावं, यात नवल नाही.

मुरलेले डॉक्टरही यातून सुटलेले नाहीत. फॅमिली डॉक्टरच्या कामाचे लेख महिन्याला किती निघतात, हे २००४ साली अमेरिकेत मोजलं गेलं. आकडा आला ७,२८७ आणि ते पारखायला ६२७ तास. तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात ७२०. जेवण, झोप आणि रुग्ण उरलेल्या ९३ तासांत बसवायचे! सगळं वाचणं कोणालाच शक्य नाही. तेव्हा निवडच करायची, आणि माझ्या मते पहिली कसोटी एकच : लेख शेवटच्या ओळीपर्यंत उघडतो का? पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या कुलूपबंद लेखाचा नुसता सारांश वाचून बनवलेलं मत रुग्णाच्या खाटेशेजारी धोक्याचं असतं, कारण अभ्यासात कोणते रुग्ण घेतले आणि कोणते वगळले, हे आतल्या पानांत असतं.

कुलपं काढण्याची किंमतही अवाढव्य आहे. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं, १.८ कोटी वाचक. माणशी वर्षाला जेमतेम अकराशे रुपये; हा खर्च मला रास्त वाटतो. पण मंजूर झालेली योजना सरकारी संस्थांपुरती आहे. खासगी कॉलेजातल्या मुलांनाही ती मिळायला हवी.

तोवर फुकटाचा साठा थोडाथोडका नाही. पबमेड सेंट्रलवर पूर्ण वाचता येणारे सुमारे एक कोटी लेख आहेत. रोज एक वाचला तर २७ हजार वर्षं पुरतील. फुकट आहे म्हणून सगळंच चांगलं, असं मात्र नाही. लेखकाकडून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांमधले लेख २०१० मध्ये अंदाजे ५३ हजार होते, २०१४ मध्ये ४ लाख २० हजार.

म्हणून सुरुवात ओळखीच्या दारापासून करावी. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या स्टाफ सोसायटीने १९५५ साली सुरू केलेलं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ २००१ पासून इंटरनेटवर सर्वांना खुलं आहे. वर्षाला चारच अंक, आणि त्यातले रुग्ण आपल्या वॉर्डात भेटणारे. जोडीला १९१३ पासूनचं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ आणि मुंबईतूनच निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’. परदेशातलं हवं तर ‘बीएमजे’मधलं संशोधन खुलं असतं.

आठवड्याला एक लेख घ्या, पण सारांशावर न थांबता पद्धती आणि तक्त्यांसकट पूर्ण वाचा. इंटर्नशिप धरून कॉलेजच्या साडेपाच वर्षांत २८६ लेख होतील. त्याच काळात जगात ८० लाखांवर निघतील, ते खुशाल निघू देत. या आठवड्याचा लेख तेवढा आज निवडा.